नव्वद

कायदा विचारत नाही चूक कुणाची.
वकील फ्लोरिंदाबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं,
पंख्याखाली फडफडणारी फाइल कोपराने दाबून धरत :
"तुझी की ट्रकवाल्याची, इथे कुणी विचारणार नाही, शाणू.
फक्त पाय दाखव."

दाखवला.
डावा. घोट्यात न वाकणारा.
एकोणीस वर्षं त्याने गिअर टाकले
म्हापसा स्टँडवरच्या पिवळ्या मडगार्डच्या मोटारसायकलचे,
मागे बसलेल्याचा जीव ओळखून :
भित्रा असेल तर सावकाश,
कोर्टाची तारीख असेल तर भरधाव.

सरकारी डॉक्टर म्हणाले, चाळीस टक्के.
कंपनीचे म्हणाले, बावीस.
प्राधिकरणाने बावीस घेतले.
त्या रात्री शेवंतीने ब्लाउजांची टेप काढली
आणि टाचेपासून मोजत वर आली.
"बावीस इथवर. आणि चाळीस," पोटरीवर बोट ठेवलं, "इथे."
मधल्या जागेकडे आम्ही बराच वेळ बघत राहिलो.
तिथे सायलेन्सरचा एक जुना डाग होता,
तो आता कुणाच्याच हिशेबात नव्हता.

मला सांगायचं होतं.
गिरीच्या वळणावर मी इंडिकेटर दिला होता की नव्हता
हे माझं मलाच नीट आठवत नाही.
बस्त्यांव, ट्रकवाला, त्याच बाकावर असायचा,
दर तारखेला तोच निळा इस्त्रीचा शर्ट.
त्यालाही काहीतरी सांगायचं होतं.
दुपारी आम्ही खाली जाऊन पातळ भाजी आणि पाव खायचो.
बशीतली तळलेली मिरची तो माझ्याकडे सरकवायचा.
एवढीच काय ती उलटतपासणी.

अपिलाला नव्वद दिवस.
शेवटच्या तारखेभोवती मी गोल काढला
विमा कंपनीनेच वाटलेल्या कॅलेंडरवर, घरात दुसरं नव्हतं.
नकलेला अर्ज, अर्जाला तिकीट, तिकिटाला रांग,
रांगेला जेवणाची सुट्टी.
सहीशिक्क्याची नक्कल हाती आली तो एकसष्टावा दिवस.
जिना चढताना बोटांवर मोजलं : अजून एकोणतीस.

बाईंनी कॅल्क्युलेटर ओढला.
पाच लाखांचे चाळीस टक्के, दोन लाख.
पाच लाखांचे बावीस, एक लाख दहा.
वजा केले आणि गप्प झाल्या.
"भांडण नव्वद हजारांचं आहे रे.
लाखाच्या आतल्या भांडणाला अपील नाही."
मी म्हटलं, वरचे दहा मी घालतो.
त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या,
"त्यांनी तुला वीसच टक्के दिले असते
तर पुरता लाख झाला असता. अपील मिळालं असतं."
म्हणजे आणखी थोडं लुबाडून घ्यायला हवं होतं.
"दुसऱ्या वाटा आहेत," त्या म्हणाल्या,
पण त्या वाटांचं भाडं मला परवडणारं नव्हतं,
आणि भाड्याचं मला कळतं.

एक लाख दहातून बिनगिअरची स्कूटर घेतली.
मडगार्ड पिवळं करून आणलं.
नक्कल डिकीत असते, रेनकोटाखाली.

काल एक म्हातारी बसली, पोटाशी फाइल धरून.
"पर्वरी. हायकोर्ट."
गिरीला मी इंडिकेटर दिला, गरज नसताना, दोनदा.
मागून आवाज आला, "पांयाक कितें जालें, बाबा?"

मी सुरुवात केली, इंडिकेटरपासून.
वाऱ्यात शब्द उडत होते, ती खांद्यावर थापटून म्हणायची,
"आनीक एकदां सांग."
मी सांगायचो. दुसऱ्या खेपेला
बस्त्यांवची चूक थोडी कमी व्हायची, माझी थोडी जास्त,
मग उलट.

फाटक आलं तेव्हा गोष्ट जेमतेम मिरचीपाशी पोचली होती.
शिपायाने शिट्टी मारली : इथे थांबायचं नाही.
तिच्याकडे सुटे नव्हते.
म्हटलं, परतीला द्या.
आणि समोरच्या झाडाखाली स्कूटर लावून
पाय लांब करून बसलो, अख्खा.