आडवा म्हणजे बंद

अल्विन चौदा दिवसांसाठी खाणीवर जातो
आणि माझ्या गॅरेजात एक शंकू ठेवून जातो.
पारदर्शक, तीन पायांवर उभा, खाली निमुळता,
बुडाशी फुलपाखरी झडप, झडपेखाली बरणी,
डोक्यावर एवढंसं घड्याळ. त्याला वेळ कळत नाही,
फक्त आतल्याचा दाब.

मावतं सत्तावीस लिटर. तो भरतो तेवीस.
"फेसाला डोकं वर काढायला जागा लागते, मर्ना."
घटस्फोटात लिंडलनं घर घेतलं, कुत्रा घेतला.
यानं हा शंकू मागितला. वकील हसला म्हणे.

सातू इथलाच, वॉलरूच्या सायलोमागचा;
नोव्हेंबरात माझ्या वाळत घातलेल्या चादरींवर
धूळ बसते ती त्याच्याच कापणीची.
हॉप्स तेवढे टास्मानियाहून येतात,
हिरव्या गोळ्या, मांजराच्या खाण्यासारख्या.

रात्रपाळीहून आले की बूट काढायच्या आधी
मी गॅरेजचा दिवा लावते.
आत ढग चढतात, उतरतात, पुन्हा चढतात,
कुणी ढवळत नसताना.
वरची झडप मधूनच सुस्कारा टाकते
आणि पुन्हा तोंड मिटून घेते.

तिकडे रोज पहाटे नळीत फुंकावं लागतं त्याला,
शून्य आलं तरच ट्रकची किल्ली.
संध्याकाळी साडेसहाला फोन येतो.
मी विचारते, झोप लागते का रे?
तो विचारतो, काटा कितीवर?
बारा.
तापमान?
वीस.
मग दोघंही गप्प. लाइन चालू.

पाचव्या दिवशी गाळ काढायचा होता.
"दांडा आडवा म्हणजे बंद, उभा म्हणजे उघडं.
आधी बंद कर. मग बरणीतला दाब सोड.
मगच बरणी फिरव."
तीनदा सांगितलं त्यानं. तीनदा मी हो म्हटलं.

त्या पहाटे चार वाजता अकरा नंबरच्या मिसेस पॅस्को गेल्या.
त्यांच्या मुलीला फोन मीच केला.
घरी आले, दांडा फिरवला, तो तिरका राहिला,
ना आडवा ना उभा.
बरणीची फुसफुस संपेना.
मला वाटलं, संपेल.

बरणी हातातून उडाली.
भिंत, सर्फबोर्ड, माझा गणवेश,
त्याच्या पाळ्यांचं कॅलेंडर, सगळं भिजलं.
एक तळहात भोकाला दाबून धरला,
दुसऱ्यानं दांडा चाचपत राहिले.
कोमट होतं ते. ओल्या पावाचा वास.
नऊ लिटर गेलं.
आइसबॉक्सवर बसून रडले मी,
बिअरसाठी नसावं बहुधा.

काटा शून्यावर होता. झोपले, उठले,
तर सहावर. कपडे धुऊन आले, तर आठवर.
उरलेलं आपलं काम करत होतं,
मला न विचारता.

साडेसहा.
काटा?
नऊ.
पलीकडे शांतता. मागे कुणाचा तरी टीव्ही.
"नऊ का? मर्ना, काय झालं?"
मी आधी मिसेस पॅस्कोंचं सांगितलं.
मग बरणीचं.
तो हसला नाही, रागावलाही नाही.
म्हणाला, "आडवा म्हणजे बंद."
आणि थोड्या वेळानं,
"कशा होत्या गं त्या बाई?"
त्या दिवशी मी पाळीवर उशिरा पोचले.

मंगळवारी आला. आधी शंकूकडे पाहिलं, मग भिंतीकडे,
मग कॅलेंडरकडे, जिथं त्याचे चौदा दिवस
एकमेकांना चिकटले होते.
ग्लास भरला, उजेडात धरला, प्यायला.
"हवा लागलीय. पुठ्ठ्यासारखी लागते जरा."
आणि दुसरा भरला.

जायच्या आदल्या रात्री माझी नेलपॉलिश मागितली.
एक लाल रेघ दांड्यावर, एक नळीवर,
जुळल्या की उघडं.
ट्रकवाल्याचा हात, रेघ वाकडी आली,
थोडी अंगठ्याला लागली.
ती तशीच घेऊन विमानात बसला.