दोन घंट्या

ज्वारीच्या ताटाचं भेंड सोलून
गौसभाईनं त्याचे दोन तुकडे दोऱ्यांना बांधले,
एक त्याच्या गळाला, एक माझ्या.
मग कंधारच्या तळ्याकडे तोंड करून
आम्ही बसलो. साडेसात वाजले होते.

नऊ वाजले.

बेशरमाच्या झुडपात एक पाणकोंबडी
आत जाई, बाहेर येई,
काहीतरी विसरल्यासारखी.
गूळ कालवलेल्या कणकेवर मुंग्या चढल्या.
मी गळ वर ओढला. कणीक होती तशीच.
टाकला. ओढला. टाकला.
"उस्ताद," गौसभाई म्हणाला,
"हर स्टापावर काहून ब्रेक मारायलास?
कुणी हात तरी केलाय का?"

बावीस वर्षं मुक्रमाबादची मुक्कामी गाडी
मी चालवली, त्यानं तिकिटं फाडली.
मी पुढे, तो मागे, मध्ये जाळी.
माझ्यासाठी तो म्हणजे एक घंटी होता:
एक वाजली की थांब, दोन वाजल्या की चल.
रात्री टपावर झोपायचो तेव्हासुद्धा
वर चांदण्या, आणि पाठीला पाठ.
असं खांद्याला खांदा लावून
बसायचं काम कधी पडलंच नव्हतं.

दहाच्या सुमाराला त्याच्या गळाला
बोटभर चिलापी लागली.
तळहातावर घेऊन त्यानं ती चष्म्यातून पाहिली,
वय विचारल्यासारखी.
"पाच वर्षांखालची हाय. फुकट."
आणि हात धरून उतरवावं
तशी पाण्यात उतरवली.

मग काहीच नाही.
म्हणजे ऊन होतं. पलीकडे कुणी म्हैस धूत होतं,
तिथल्या लाटा आमच्यापर्यंत येता येता
थकून जात. माझा उजवा पाय
उगाच दगडावर दाबला जात होता.
माझी भाकरी, त्याच्या डब्यातला खट्टा.
खाल्लं. हात तळ्यातच धुतले.

"तुझ्या मानेवर तीळ हाय," तो म्हणाला,
पाण्यावरची नजर न काढता.
"डाव्या अंगाला, कॉलरच्या जरा वर.
त्यात एक केस हाय. पहिले काळा होता."

साठ वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं,
बायकोनंही नाही.
काय बोलावं कळेना. मी भेंडाकडे बघत राहिलो,
भेंड माझ्याकडे.
बावीस वर्षं मी रस्ता बघत होतो,
खड्डे, बैलगाड्या, मन्याडच्या पुलावरची शेरडं,
आणि एक माणूस सुट्टे पैसे मोजता मोजता
माझी मान पिकताना बघत होता.

चार कधी वाजले, मी बघितलं नाही.

उन्हं किल्ल्याकडे कलली तेव्हा
माझं भेंड एकदा बुडालं.
हात उचलला जाणार, तेवढ्यात
त्याचं एक बोट वर झालं.
थांबलो. पाय दगडावरून काढून घेतला.
भेंड वर आलं, आडवं पडलं,
काही झालंच नाही असं नाटक करत राहिलं.
किती वेळ, कोण जाणे. एखादी म्हातारी
पिशवी, काठी, कोंबडी सगळं घेऊन चढते, तेवढा.
मग टुक.
टुक.

मी ओढलं.
रोहू. कोपरापासून बोटांपर्यंत,
तांबूस खवल्यांचा,
आमचा सगळा दिवस शेपटीनं झोडपत वर आला.
"फुल्ल तिकीट!" गौसभाई ओरडला,
आणि पाणकोंबडीला एकदाचं
काय विसरलं ते आठवलं, ती उडाली.

परतताना लुना मी चालू केली.
तो मागे बसला, पिशवीचं तोंड बांधत.
आत मासा अजून धडपडत होता.
माझा हात आपसूक मानेवर गेला.
बोटांना मासळीचा वास,
आणि कॉलरच्या वर, हो, होतं काहीतरी,
बाजरीच्या दाण्याएवढं.
इंजिन फटफटत राहिलं.
मागून अजून काही वाजलं नव्हतं.
मी बसून राहिलो.