नाव ठेवताना

हीउमा बेटाच्या उत्तरेला, बंदराच्या कचेरीत,
लाकडाच्या शेगडीमागे एक राखाडी पेटी आहे.
वय सव्वीस. फिनलंडहून आली तेव्हा
उचलायला चौघे लागले, असं हेल्दुर सांगतो,
आणि दर हिवाळ्यात त्या चौघांत एक माणूस वाढतो.

पेटीच्या पाठीला नेटवर्कची तीन दारं.
एक समुद्राचं: खांबाला बांधलेला मापक
मिनिटामिनिटाला पाण्याची उंची कळवतो.
एक धक्क्याचं: दिवे, बर्फाचे इशारे.
एक मुख्य भूमीचं. ते फारसं बोलत नाही.

पूर्वी रीत साधी होती.
जो आधी जागा होईल तो शून्य,
डोळे चोळत मागून येईल तो एक.
हेल्दुरने पट्ट्या चिकटवल्या होत्या, निळ्या शाईत.
मार्चमध्ये वीज गेली, आली,
आणि उठण्याचा क्रम बदलला.
पट्ट्या जागच्या जागी, माणसं बदललेली.
रात्रभर समुद्राची उंची दिव्यांना सांगितली जात होती.
दिव्यांनी ऐकून घेतली.
सकाळी फलकावर समुद्र कोरडा.
हेल्दुर खिडकीशी गेला, पाहून आला.
"आहे," म्हणाला.

मी शनिवारच्या फेरीबोटीने आले, नवा नियम घेऊन:
आधी कोण उठलं ते विचारायचं नाही,
कोण कुठे बसलंय ते विचारायचं.
कितवी बस, कितवा स्लॉट.
पत्ता तेच नाव.
नावं ठेवायला कुणाला जागाच नाही.

पण पेटी जुन्या चालीची.
एका कार्डावर दोन दारं, आत एक पूल,
आणि पुलापलीकडचं सगळं गाव तिच्या लेखी
तिसऱ्याच स्लॉटमध्ये राहतं.
दोघांना पत्ता विचारला. दोघे म्हणाले, तीन.
खोटं कुणीच बोललं नव्हतं.
पहिल्याला नाव मिळालं.
दुसऱ्याचं जुनं काढून घेतलं, नवं देता देता
नियमाचा हात हवेत राहिला.
पडद्यावर उरलं: रीनेम चार.

"हे काय नाव?"
नाव नाही, मी म्हटलं. नामांतर चालू आहे, एवढंच.

हेल्दुरने शेगडीत एक ओंडका सरकवला.
"माझी आई अशी होती," म्हणाला.
"चाळीस साली आडनाव बदलायचा अर्ज केला.
ती कचेरी बंद पडली, मग सरकार बदललं.
चर्चच्या वहीत एक, रेशनकार्डावर दुसरं.
टपालवाला हाक मारायचा:
अहो, त्या."

मी बराच वेळ काही टाइप केलं नाही.

मग नियम बाजूला ठेवला.
टॉर्च दातांत धरून पेटी उघडली,
कार्डांवरच्या जन्मखुणा वाचल्या:
कारखान्यात भाजलेली बारा अक्षरं,
जागा बदलो, झोप लांबो, ती तीच.
लहानशी फाइल लिहिली, दोन ओळींची.
एकाचं नाव वेसी, म्हणजे इकडच्या भाषेत पाणी.
दुसऱ्याचं काय?
काय. म्हणजे धक्का.
तिसऱ्याला विचारलं नाही, त्याने मागितलं नव्हतं.

तीनदा वीज तोडली, तीनदा जोडली.
तिन्ही वेळा पाणी पाण्याच्या जागी.

परतताना किनाऱ्यावर हेल्दुरची नाव पालथी पडलेली,
डांबर नव्याने लावलेलं, बाजू कोरी.
नाव नाही घातलंत? विचारलं.
"एकच तर आहे," तो म्हणाला.
थोडं चालून गेल्यावर थांबला.
"मागच्या वर्षापर्यंत दोन होत्या.
तेव्हाही नव्हतं.
कुठली म्हणून विचारलं, की मी बोट दाखवायचो."

फेरीने भोंगा दिला.
निळ्या शाईच्या त्या दोन पट्ट्या माझ्या खिशात होत्या,
शून्य आणि एक,
एकमेकींना चिकटलेल्या.