एकच सीट

शाल्मली, तुझ्या गाडीत एकच सीट
हे आईला अजून पटलेलं नाही.
रामबागेतून राजवाड्यापर्यंत
चौघं जायचो आपण एका स्कूटरवर.
पुढे तू, उभी, हँडल धरून:
बाबा, त्या टेम्पोला मागे टाका.

मे ते सप्टेंबर, सात शर्यती.
तिकडचा निवेदक मुळ्येची म्यूली करतो.
ळ त्याला येत नाही,
इंदुरात तरी किती जणांना येतो म्हणा.
वर्कशॉपच्या वहीत, ग्राइंडरच्या बिलांशेजारी
मी तुझे आकडे उतरवतो:
एक मिनिट चार पूर्णांक तीनशे सतरा.
नववी. अकरावी. मग जूनमध्ये थेट खडीत.

त्या रात्री दीडला तुझा फोन.
मी सराफ्यात, तव्यावर भुट्ट्याचा कीस,
नीट ऐकूच येईना.
इथे अजून उजेड आहे, म्हणालीस,
आणि चाक कसं निघालं ते सांगत राहिलीस
एखाद्या मिस्त्रीसारखी.
जेवलीस का, विचारायचं राहिलं.

शेवटच्या शर्यतीत चौथी.
तिसऱ्यापासून शून्य पूर्णांक दोन.
दोन काय? आईने विचारलं.
मी चुटकी वाजवून दाखवली.
ती जरा लांबच झाली.