उष्टी माहिती

साडेआठशे रुपये. चहा-नाश्ता धरून,
जेवण आपापलं.
खासगीवाले वहिनींनी पत्रक दारातूनच सरकवलं :
"एकट्या कुठे धडपडताय? बसमध्ये बसा, मांडू बघा,
दिवेलागणीला रामबागेत परत."

मी कागद पालथा घातला
आणि कोऱ्या बाजूला हिशेब मांडला.
गंगवाल स्टँड ते धार, धारहून पुढची बस,
वर फिरायला भाड्याची सायकल (गुडघा चालला तर).
तीनशेच्या आत.
उरलेल्या साडेपाचशेत
हवं तिथे, हवा तेवढा वेळ
नुसतं बसून राहणं विकत मिळत होतं.
बत्तीस वर्षं बँकेच्या घड्याळाखाली बसलेल्या बाईला
हे स्वस्त वाटलं.

धारला बस पाऊण तास रुसली.
वर पोचले तेव्हा ऊन डोक्यावर,
आणि जहाज महालासमोर उभी राहिल्यावर कळलं
की मला यातलं काही म्हणजे काही माहीत नाही.
दोन बाजूंना पाणी, मध्ये दगड.
पाटीवरची अक्षरं उन्हाने खाल्लेली.
चार मिनिटांत बघून झालं.

तेवढ्यात ती आलीच, साडेआठशेवाली माणसं,
छातीवर पिवळे बिल्ले,
पुढे मिटलेली निळी छत्री उंच धरून त्यांचा गाइड.
मी खांबाआड झाले.
आणि मग, कसं सांगू,
लग्नात अनोळखी पंगतीला बसावं तशी
दहा पावलं मागे ठेवून त्यांच्याबरोबर चालत राहिले.
पाठ फिरवून. पर्स धुंडाळत. कमानींचं कौतुक करत.
कान मात्र सगळा तिकडे.
पाणी कुठून चढवायचे,
वळणावळणाच्या पन्हळीत ते गाळ कसं मागे टाकायचं,
हौदाला कासवाचा आकार का.
सगळं फुकटात. थोडं उष्टं, पण गरम.

एकदा वाऱ्याने वाक्य मध्येच तोडलं.
माझी मान नकळत वळली.
त्याने पाहिलं.
काही बोलला नाही.
पुढचं वाक्य मात्र जरा मोठ्याने म्हणाला,
खांबाकडे तोंड करून.

त्यांना पंचवीस मिनिटं होती. शिट्टी झाली, गेले.
मी राहिले.
गच्चीवर सावलीला बसून डबा उघडला,
दोन दशम्या, मिरचीचं लोणचं.
एक मुंगूस आलं. हौदाच्या पायऱ्या उतरू लागलं.
तिसऱ्या पायरीवर थांबलं,
कशाला आलो होतो ते विसरल्यासारखं,
आणि परत वर गेलं.
दीड तासात घडलं ते एवढंच.

धारची शेवटची बस आज येत नाही,
चिंचा विकणारी बाई म्हणाली.
तिच्याकडचं गोरखचिंचेचं एक फळ घेऊन
मी रस्त्याकडेला उभी.
समोर येऊन थांबली ती अर्थात तीच.

"बसा मावशी." ड्रायव्हरशेजारी, इंजिनाच्या कोमट झाकणावर
त्याने जागा केली.
जगन निनामा, राहणार नालछा.
माइक बंद, आवाज बसलेला.
भाडं घेतलं त्याने. मी विचारलं, "आणि ऐकलेल्याचे?"
हसला.
"अकरा वर्षं झाली," म्हणाला,
"तिथे गप्प असा मी कधी बसलो नाही.
शिट्टीनंतर काय होतं हो तिथे?"

मी मुंगूस सांगितलं.
तिसरी पायरीसुद्धा.
कुठल्या बाजूची पायरी, त्याने दोनदा विचारलं.
जाताना मागे वळून पाहिलं का, तेही.
मग नालछा येईपर्यंत बोलला नाही,
ओठ तेवढे हलत होते.

मागे साडेआठशेवाले घोरत होते.

मला वाटतं, पुढच्या रविवारी
तो हौदापाशी छत्री टेकवेल आणि सांगेल,
इथे रोज एक मुंगूस उतरतं, सुलतानाच्या वेळेपासून,
आणि तिसऱ्या पायरीवर थांबतं.
पंचवीस मिनिटांत कुणाला ते दिसणार नाही.
पण खांबाआड कुणीतरी असेलच,
पर्स धुंडाळत.