तीन किलोमीटर

निसार कोकणीने ऑइलचं झाकण उघडलं,
बोट आत फिरवलं, बाहेर काढलं.
डांबर नव्हे, काजळ नव्हे,
कढईच्या बुडाला करपलेल्या काकवीसारखं काही,
आणि झाकणाच्या आतल्या बाजूला
पिवळट साय.
"पाणी धरलंय पोटात," तो म्हणाला.
"काका, गाडी लांब कधी नेलीच नाही ना?"

वडाळा नाक्यामागची गल्ली,
शेजारी कुणीतरी रिक्षाचा पत्रा ठोकतंय.
अण्णा, ओझरच्या विमान कारखान्यात छत्तीस वर्षं,
नट किती आवळायचा ते मनगटाला विचारणारे,
एस्टीमच्या बॉनेटपाशी उभे,
वही घरी विसरलेल्या मुलासारखे.

खरं तर वही खिशातच होती.
प्रत्येक ऑइलबदलाची तारीख, किलोमीटर,
फिल्टरची किंमत, दुकानदाराने सोडलेले आठ आणेसुद्धा.
मग एका जूनपाशी अक्षर थांबतं.
पुढची चार वर्षं नुसत्या निळ्या रेघा.

त्या चार वर्षांत
गाडी इंदिरानगरहून निघायची
सोमवार, बुधवार, शनिवार,
आईला डायलिसिसला सोडायला.
तीन किलोमीटर.
काटा तळाच्या रेघेवरून उठतो न उठतो
तोवर दवाखान्याचं फाटक.
आत चार तास यंत्र तिचं रक्त धुवायचं,
बाहेर कडुनिंबाखाली इंजिन गार व्हायचं,
वाफेचं पाणी, पाण्याचा चिखल,
कुणाला दिसणार.
मग परत तीन किलोमीटर,
सावकाश, कारण खड्ड्यांनी तिला मळमळायचं.

निसारने डबी हलवली. तीनशे मिली.
अण्णा म्हणाले, "आम्ही विमानात कधी बाटल्या ओतल्या नाहीत."
"आमचे अब्बा रॉकेल ओतायचे, काका,
अर्धा लिटर, आणि वरून बिस्मिल्ला.
तीन गाड्या निभावल्या, चौथीचं बेअरिंग बसलं.
ही दवा जरा नरम आहे.
पण दहाच मिनिटं. आणि रेस करायची नाही.
जुना मळ एकदम सुटला
तर खालच्या जाळीत जाऊन अडकतो,
वर तेल चढत नाही,
चांगलं चालणारं इंजिन सफाईपायी मरतं."

दहा मिनिटं.
अण्णांनी घड्याळ काढून हातात धरलं.
इंजिन आपल्याशीच पुटपुटत राहिलं,
टॅपेटची टकटक आधी वाढली,
मग थोडी मऊ झाली, किंवा मला तसं वाटलं.
कुणी बोललं नाही.
पोऱ्या चहा ठेवून गेला, त्यावर साय धरली,
ती मी बोटाने बाजूला केली
आणि चहा तसाच ठेवला.

तळाचा बोल्ट सुटला.
आधी धार, मग गुठळ्या, मग पुन्हा धार.
कापलेल्या पत्र्याच्या डब्यात काळं साचत गेलं.
अण्णा वाकले, दोन बोटांत थोडं घेऊन चोळलं,
वास घेतला,
आणि कितीतरी वेळ हात पुसायचं विसरले.
"टाकू ना हे?" पोऱ्याने विचारलं.
"थांब," म्हणाले. मग म्हणाले, "टाक."

नवं तेल मधासारखं उतरलं.
टाकीत इंजेक्टरची एक बाटली, तीही निसारच्या आग्रहाने.
अण्णांनी वही उघडली.
कोऱ्या पानांवर काहीच लिहिलं नाही,
ती ओलांडून पुढे गेले :
फ्लश, ३०० मिली. पुन्हा हजारावर बदलणे. घाई नको.

"दवा अर्धीच," निसार हात धुताना म्हणाला,
"बाकीचं काम रस्ता करतो. तासभर तापू द्या हिला."

म्हणून पुणे रोडला लागलो.
द्वारका, नाशिकरोड, शिंदे, पळसे.
काटा तळाची रेघ सोडून वर आला
आणि मध्यावर थांबला, थांबूनच राहिला.
अण्णा रस्त्याकडे नाही, त्याच्याकडेच बघत होते.
मोहदरीच्या घाटात मी चौथा टाकला
तर म्हणाले, "तिसरा. ओढू दे तिला."

सिन्नर गेलं.
नांदूर शिंगोटेची पाटी आली.
परत फिर, असं काही ते म्हणाले नाहीत.