बर्फाचं व्हाउचर

विभागीय आंतरमहाविद्यालयीन हॉकी, मुली.
स्थळ परभणी, तीन दिवस, संघ अकरा.
अकरा हा त्रासाचा आकडा.
पाच जणांना बाय द्यावा लागतो
आणि ज्यांना मिळत नाही त्यांचे प्राचार्य
रात्री साडेदहाला फोन करतात.

चिठ्ठ्या काढल्या मुंजाजीच्या जेवणाच्या डब्यातून.
जिंतूरच्या चिठ्ठीला ठेच्याचा वास.
सेलू विरुद्ध जिंतूर, सकाळी आठ,
असं टाइप केलं, आणि खाली टीप:
पंचांनी स्वतःची शिट्टी आणावी.

फक्की पहिल्याच दुपारी संपली.
वसतिगृहाच्या चुलीतली राख घमेल्यात भरून
मुंजाजी डी आखत गेला,
चपला काढून, कारण रेषेवर पाऊल उमटतं.
काळ्या मातीवर राखसुद्धा पांढरी दिसते.

सुवर्णा पेंदोर, गोलकीपर, किनवट.
बोनाफाईडवर शिक्का चौकोनी. नियमात गोल.
पोरगी पॅड बांधूनच खिडकीशी उभी,
एक पॅड विकतचं, एक गादीच्या कापसाचं.
मी नियम वाचला. परत वाचला. ती हलेना.
मग वाठोरेंना फोन लावला.
चौदा वर्षं या माणसाचा आवाज ओळखते,
तोंड कधी पाहिलेलं नाही.
रविवार होता, ते भाच्याच्या साखरपुड्यात होते.
“अर्धा तास द्या ताई,” म्हणाले,
पंगतीतून उठून सायकलीवर कॉलेजात गेले,
कपाट उघडलं, दफ्तरच्या प्रतीवर
गोल शिक्का मारला आणि फोटो पाठवला.
कागदाच्या कोपऱ्याला थोडं वरण लागलेलं.

सामने मी पाहत नाही, ऐकते.
काठीला चेंडू लागला की टक.
पोटरीला लागला की आधी काहीच नाही
आणि मग आई गं.
फायनलच्या वेळी मी प्रवासभत्ता वाटत होते,
जिभेवर रेव्हेन्यू तिकिटाचा डिंक.
गोंगाटावरून कळलं, कुणीतरी जिंकलं.
कोण, ते प्रमाणपत्रांवर नावं घालताना.

बर्फ दोन लाद्या,
एमआयडीसीतून, गोणपाटात, मुजीबच्या ऑटोत.
मैदानावर दीडच पोचली.
“अर्धी वसमत रोडवर शिंपडत आलो बघा,” मुजीब म्हणाला.
घोटे, गुडघे, एक जबडा.
उरलेला तुकडा पाण्याच्या रांजणात.

रात्री हिशेबाला बसलो तिघं.
मुजीब म्हणे, तिकडं कुठं तरी
बर्फावरच खेळतात हॉकी.
अख्खं मैदान बर्फाचं, पायात पात्याचे बूट.
मुंजाजी तंबाखू मळता मळता थांबला.
“येवढा बर्फ! मंग बिल कोन पास करायलंय?”

हसलं कुणीच नाही.
असेल एखादी, लोकरीच्या मोज्यातून
बोटाची टोकं बाहेर काढून टाइप करणारी,
तिच्याही नशिबी संघ अकराच असतील.

मार्चमध्ये लेखापरीक्षण. आक्षेप क्रमांक सात:
बर्फ दोन लाद्या, शिल्लक साठा दाखवलेला नाही.
वापराचा पुरावा जोडावा.

खुर्शीद मॅडम म्हणाल्या, काहीही लिहा, मी सही करते.
मी काहीही लिहिलं नाही.
घोटे लिहिले नावांसकट, गुडघे, जबडा,
वसमत रोड, अंदाजे अर्धी लादी.
पेंदोर, उजवा अंगठा, इथं पेन अडलं.
पुढं आपोआप लिहून गेले: अडवलेले गोल चार.
हा आकडा मला कुणी दिला?
मी तर तिकिटं चिकटवत होते.
बहुतेक चारदा टक झालं होतं
आणि त्यानंतर ओरडा झाला नव्हता.

शेवटच्या रकान्यात, शिल्लक: वितळला.
शिक्का मारला. गोल.